फिरत्या पात्यापुढे हुन्नर चालत नाही

फुलसावंगीची घटना विदर्भातील कारागीर बंधू विसरले नसतील. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील हे गाव. तेथील चोवीस वर्षांच्या एका मुस्लिम तरुणाने दोन वर्षे खपून, मारुती ८०० चे इंजिन बसवून, स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर तयार केले. तो वेल्डिंगचे काम करी. शाळा अर्धवट सुटलेली. इंटरनेटवरील चित्रफिती पाहून तो शिकला. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी ते उडवून दाखविण्याचा त्याचा बेत होता. १० ऑगस्टच्या रात्री तो आत बसून जमिनीवरच इंजिन चालवून पाहत होता. शेपटाच्या पंख्याचे पाते तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्याचा घाव त्याला बसला. यंत्र जमिनीवरून उठलेही नव्हते. तो मात्र गेला. मर्हूमचे नाव लिहून घरच्यांचे दुःख पुन्हा उकरण्याची आमची इच्छा नाही.

त्याच्या हुन्नरात कमी होती असे आम्ही म्हणणार नाही. चूक एवढीच की, नवे पाते पहिल्यांदा फिरताना माणूस त्याच्या जवळ होता. मोठ्या कारखान्यांत असे पाते आधी बंदोबस्ताच्या जागेत, माणसे दूर ठेवून फिरवून पाहतात.

हेलिकॉप्टरचा मोठा पंखा फिरू लागला की खालचे धड उलट दिशेने फिरू पाहते. ते रोखण्यासाठी शेपटाला लहान पंखा असतो. तो मोठ्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो, बहुधा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो, आणि वेगामुळे डोळ्यांना दिसतच नाही. निवडणुकीच्या दिवसांत गावोगाव हेलिकॉप्टर उतरते आणि पोरे धावत सुटतात, म्हणून हे सांगणे जरूर आहे. शेपटाकडे कधीही जाऊ नये. जायचेच असेल तर पायलटने खूण केल्यावर, त्याला दिसेल असे समोरून, वाकून जावे. टोपी व रुमाल हातात धरावे. इंजिन बंद झाले तरी पाती थांबेपर्यंत दूर राहावे, कारण मंदावलेले पाते वाऱ्याने खाली झुकते.

आमच्यापैकी हेलिकॉप्टर कोण बनविणार? पण फिरते पाते नागपुरात गल्लोगल्ली आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर बनविणाऱ्यांच्या दुकानांत उघडे पंखे चालवून पाहिले जातात. ग्राइंडरचे चाक, आरा गिरणीचे पाते, पावरलूमचा पट्टा, सगळे एकाच जातीचे. वेग दुप्पट झाला की पात्याला बाहेर खेचणारा जोर चौपट होतो. बारीकशी चीर असलेले पाते हळू फिरताना टिकते, वेग वाढताच गोळीसारखे सुटते.

कापडाच्या धंद्यात आमची हयात गेली. मजबूत आहे, फाटणार नाही, असे सांगून आम्ही कापड विकतो. तेच कापड लुंगीच्या किंवा ओढणीच्या रूपाने पट्ट्यात अडकले, तर न फाटता माणसाला ओढून नेते. १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या भागांना कुंपण आणि चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यास घट्ट कपडे सांगितले होते, ते उगीच नव्हे. चार माणसांच्या आपल्या कारखान्यात तपासनीस येत नाही, म्हणून हे पाहणे मालकाचेच काम.

तेव्हा बंधूंनो, जाळी बसविल्याशिवाय पंखा चालवू नका. नवे किंवा दुरुस्त केलेले पाते पहिल्यांदा फिरविताना त्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. बटण लांब ठेवा. चिरलेले पाते वेल्डिंग करून पुन्हा लावू नका. यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका.

अल्लाहवर भरवसा ठेवणे म्हणजे तदबीर सोडणे नव्हे. जाळीचा खर्च थोडा आहे. आणि शागीर्दाच्या आईने आपला मुलगा उस्तादाच्या हवाली केलेला असतो, तो संध्याकाळी धडधाकट घरी पोहोचविणे ही उस्तादाची जबाबदारी आहे.