माहेर फिनलंडचं, संसार उमरीचा

दसऱ्याच्या सुमाराला उमरीच्या शिवारात एखादा झाडोऱ्याचा बांध गाठा. बोर, बाभूळ, तरवड जिथं दाट माजलंय, तिथं जरा गप्प उभे राहा. आतून आवाज येईल, ‘चक्... चक्...’ कोरडा, तुटक, मध्येच थांबणारा. आवाज करणारा मात्र लवकर दिसायचा नाही. दिसला तरी तुम्ही म्हणाल, ह्याच्यात काय बघायचं? चिमणीहून बारीक, वरून मातकट तपकिरी, पोटाकडे फिकट. झालं!

पण लेकरांनो, ह्याचं नाव ब्लाइथचा वटवट्या. आणि ह्याच्या जातीचे पक्षी अंडी घालायला कुठं कुठं जातात, ठाऊक आहे? रशियात, आणि थेट फिनलंडमध्येसुद्धा! युरोपच्या उत्तर टोकाचा तो देश. उमरीहून तिथवर सरळ रेघ मारली तरी सुमारे सहा हजार किलोमीटर भरते. पक्ष्याचं वजन किती? दहा-बारा ग्रॅम!

आता गंमत ऐका. आपण ह्याला ‘पाहुणा’ म्हणतो, पण हिशेब लावून बघा. मे संपता संपता तो फिनलंडला पोचतो, घरटं बांधतो, पिल्लं उडती करतो आणि ऑगस्टमध्ये निघतोसुद्धा. आपल्याकडे मात्र तो सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत राहतो. म्हणजे पाहुणा तो तिकडचाच! आपल्याकडच्या लेकी बाळंतपणाला माहेरी जातात ना, तसे हे नर-मादी दोघंही फिनलंडला जाऊन येतात.

इतक्या लांब का जायचं? उजेडासाठी. जूनमध्ये हेलसिंकीला दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो. पिल्लांना भरवायला वेळच वेळ, आणि जंगलात किडेही उदंड. नर तर रात्री गातो, तेही दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत. डिसेंबरात मात्र तिथला दिवस सहा तासांचाही नसतो. सगळीकडे बर्फ, किडा औषधालाही नाही. मग हा आधी अंगावर चरबी साठवतो आणि रात्री-रात्रीचा प्रवास करत दक्षिणेकडे निघतो. दिशा? ती हे पक्षी चांदण्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ओळखतात. कुणी शिकवावं लागत नाही!

फिनलंडची माणसं पक्ष्यांना जपतात, पण ते तिथंही सहज घडलेलं नाही. पिवळ्या चोचीचा मोठा पांढरा हंस तिथं शिकारीमुळे संपत आला होता. 1950 च्या सुमाराला उरल्या होत्या जेमतेम पंधरा जोड्या. तेव्हा युर्यो कोक्को नावाच्या पशुवैद्यानं त्या हंसांवर एक पुस्तक लिहिलं. लोकांनी ते वाचलं आणि त्यांचं मन पालटलं. आज तिथं हंसांच्या हजारो जोड्या आहेत, आणि 1981 पासून तोच त्यांचा राष्ट्रीय पक्षी आहे.

आपल्या तपकिरी वटवट्यासाठीही कुणीतरी असं पुस्तक लिहावं, असं मला फार वाटतं. कारण त्याला तिकडची झुडपं पुरत नाहीत, इकडचीही लागतात. तिकडं कितीही जपलं आणि इकडं उन्हाळ्यात बांध पेटवले, जेसीबीनं झुडपं उपटली, तर तो वर्षातले सात-आठ महिने राहील कुठं? बरं, बांधावर राहून तो करतो काय? दिवसभर अळ्या, किडे, कोळी टिपत फिरतो. पिकाचं काही नेत नाही.

तुमच्या बोरीतला वटवट्या फिनलंडचा की रशियाचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी पायात कडं लागतं. फिनलंडमध्ये 1913 पासून पक्ष्यांच्या पायात आकडे कोरलेली हलकी धातूची कडी घालतात. आपल्याकडे हे काम मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते. कधी मेलेल्या पक्ष्याच्या पायात असं कडं दिसलं, तर पक्ष्याला हात न लावता घरातल्या मोठ्यांना बोलवा. कड्याचा फोटो काढायला सांगा, त्यावरची अक्षरं आणि आकडे वहीत उतरवा, तारीख आणि गावाचं नाव घाला आणि सोसायटीला कळवा. त्या आकड्यांवरून, पक्ष्याला कडं कुठं आणि कोणत्या दिवशी घातलं होतं, ते शोधून काढता येतं.