नवी शेगडी अंगणातच बरी

हिवाळा आला की आपल्याकडे संध्याकाळी घरोघर निखाऱ्यांची आठवण होते. नागपूरच्या उन्हाळ्याची ख्याती सर्वदूर आहे, पण थंडीही काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा दिवसांत अंगणात शेकोटी पेटते, वांगी भाजली जातात, रोडग्यांचे बेत ठरतात. अलीकडे त्यात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. तो म्हणजे सिरॅमिकची, झाकणाची, रांजणासारखी दिसणारी कोळशाची शेगडी. पुण्या-बंगलोरला नोकरीला असलेली मुले ती मागवतात आणि दिवाळीनंतर आईवडिलांच्या अंगणात ती येऊन बसते.

वाचकांना वाटेल, आरोग्याच्या सदरात शेगडीचे काय काम? त्यासाठी काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली एक सकाळ सांगतो.

दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक गृहस्थ पत्नी, मुलगी आणि आईला रिक्षात घालून आले. चौघांचेही डोके ठणकत होते. मुलीला दोन उलट्या झाल्या होत्या, आजींना चक्कर येत होती. गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रात्री नव्या शेगडीवर कोंबडी भाजली होती. तीच बाधली." ताप नाही, जुलाब नाहीत. बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहिला, तर तो ९८. मीही उलटी थांबवण्याचे इंजेक्शन भरायलाच घेतले होते. तेवढ्यात आजी बोलल्या, "मी तं माळकरीन बाई. मी कुठची कोंबडी खातो? दूध-भाकर खाऊन झोपली होती."

मी सिरिंज खाली ठेवली. ज्यांनी कोंबडी खाल्लीच नाही त्या आजी आजारी होत्या. मग विचारले, घरात आणखी कोण आहे? मोठा मुलगा. सर्वांत जास्त कोंबडी त्यानेच खाल्ली होती आणि तो ठणठणीत होता. फरक एवढाच की तो वरच्या खोलीत झोपला होता. बाकीचे चौघे खाली बैठकीत होते. शेगडीतले निखारे वाया कशाला घालवायचे, म्हणून त्यांनी ते घमेल्यात काढून बैठकीत आणले होते. धूर अजिबात नव्हता. दारे-खिडक्या लावून सगळे उबेत झोपी गेले. पहाटे दूधवाल्याने बेल वाजवली, आजी कशाबशा उठल्या, दार उघडले आणि बाहेरची हवा आत आली. दूधवाल्याने त्या दिवशी चौघांचा जीव वाचवला असे मी आजही समजतो. चौघांनाही मोठ्या रुग्णालयात पाठवले, रक्ताच्या खास तपासणीत निदान पक्के झाले आणि प्राणवायू देऊन सर्व जण बरे झाले.

हे निदान होते कार्बन मोनॉक्साईडच्या विषबाधेचे.

हा वायू येतो कुठून?

कोळशाला भरपूर हवा मिळाली तर तो पूर्ण जळतो आणि कार्बन डायऑक्साईड तयार होतो. पण शेगडीत खालच्या थरात तयार झालेला हा वायू वरच्या तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना कोळशाशी पुन्हा संयोग पावतो आणि कार्बन मोनॉक्साईड बनतो. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती हाच वायू जळत असल्याची खूण. जो जळत नाही तो हवेत मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. ओल्या लाकडाचा धूर आपल्याला खोकायला लावून घराबाहेर काढतो. निखरलेला कोळसा तेवढीही सूचना देत नाही.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साईड या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. एकदा त्याने जागा अडवली की प्राणवायूला बसायला जागाच उरत नाही. मेंदू आणि हृदय यांची उपासमार होते. आधी डोके जड होते, मळमळते, हातापायांतली शक्ती जाते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही आणि तो झोपेतच जाऊ शकतो.

बोटाला लावायचे यंत्र येथे फसते. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेले हिमोग्लोबिनही लालभडकच दिसते आणि साधे यंत्र त्याला प्राणवायूयुक्त समजते. कोरोनाच्या काळात हे यंत्र अनेक घरांत आले. आकडा ९८ आहे म्हणजे सर्व ठीक, असे या विषबाधेत कदापि समजू नये.

हा धोका केवळ नव्या शेगडीचा नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून खोलीची दारे-खिडक्या गच्च लावण्याची आपली जुनी पद्धत आहे. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरावी. त्या लहान खोलीत आई आणि तान्हे बाळ दोघेही हाच वायू श्वासात घेतात. गर्भवतीच्या बाबतीत पोटातल्या बाळाला आईपेक्षा अधिक इजा होऊ शकते. बंद न्हाणीघरातील गॅसचा गिझर हाही याच वायूचा कारखाना होऊ शकतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक थंडीपासून बचावासाठी खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुलेही होती.

नवी शेगडी आणली आहे, आता काय करावे?

ही शेगडी म्हणजे मूळची जपानी चूल. जपानी भाषेत चुलीला कामाडो म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ती आपल्या देशात नेली, तिथे ती सिरॅमिकची झाली आणि आता आपल्याकडे आली. जाड भिंत, घट्ट झाकण, हवेसाठी खाली एक आणि वर एक झरोका, एवढीच तिची रचना. झरोके उघडले की आच वाढते, मिटले की कमी होते.

पहिली गोष्ट जागेची. शेगडी उघड्या आकाशाखाली, सपाट जागी ठेवावी. काचा लावलेली गॅलरी, गाडीचे गॅरेज, ताडपत्रीचा मांडव या जागा वर्ज्य. अवकाळी पाऊस आला तर बेत पुढे ढकलावा, शेगडी घरात घेऊ नये. ती थेट लाकडी टेबलावरही ठेवू नये. कपड्यांची दोरी आणि मुलांचे खेळणे तिच्यापासून दूर असावे.

दुसरी गोष्ट पहिल्या पेटवणीची. नवी चूल लिंपली की आपण लगेच मोठा जाळ करत नाही, तोच नियम येथे. शेगडीला तडा नाही ना हे पाहावे, सोबतची पुस्तिका वाचावी. पहिल्या काही वेळा थोडाच कोळसा घालून मंद आच द्यावी. मातीत मुरलेला ओलावा हळूहळू निघून जातो आणि झाकणाच्या कडेची पट्टी नीट बसते. पहिल्याच दिवशी भडका केला तर तडा जाण्याची आणि पट्टी जळण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट कोळशाची. मोठ्या तुकड्यांचा, कोरडा लाकडी कोळसाच वापरावा. आपला भाग दगडी कोळशाच्या खाणींचा. उमरेड, चंद्रपूर, वणीकडून येणारा दगडी कोळसा सहज मिळतो म्हणून कोणी तो घालतात. त्यात गंधक असते, त्याचा धूर छातीला वाईट आणि अन्नालाही. रंग दिलेले लाकूड व प्लायवूडचे तुकडेही नकोत. पेटवण्यासाठी नारळाची करवंटी किंवा लाकडाच्या चिपा पुरेशा होतात. रॉकेल, पेट्रोल किंवा सॅनिटायझर कधीही ओतू नये. सॅनिटायझरची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही, आणि विझली असे समजून वरून पुन्हा ओतणाऱ्याचा हात भाजतो. शिवाय सिरॅमिक रॉकेलचा वास शोषून घेते, तो पुढे कित्येक दिवस अन्नाला लागतो. पांढरा धूर थांबेपर्यंत अन्न ठेवू नये.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाकणाची. झरोके मिटलेले असताना आतला विस्तव हवेसाठी आसुसलेला असतो. अशा वेळी झाकण एकदम उघडले तर बाहेरची हवा आत घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते. भुवया व पापण्या जळतात, चेहराही भाजतो. म्हणून आधी झाकण दोन बोटे उचलावे, क्षणभर थांबावे, तोंड बाजूला ठेवावे आणि मग सावकाश उघडावे. ओढणी आणि पदर खोचून घ्यावा, नायलॉनचे कपडे टाळावेत.

सोबतच्या वस्तू

लांब दांड्याचा चिमटा आणि जाड चामडी हातमोजे आधी घ्यावेत. ओल्या फडक्याने गरम जाळी धरू नये, ओल्या कापडातून उष्णता झटकन हाताला पोचते. निखारे व जाळी यांच्यामध्ये ठेवायची आडवी तबकडी मिळते, तीही उपयोगाची. चरबी निखाऱ्यांवर ठिबकली की जो काळा धूर होतो त्यात कर्करोगाला कारणीभूत ठरणारी द्रव्ये असतात, आणि तबकडीमुळे हे ठिबकणे थांबते. तारेचा ब्रश मात्र टाळावा. त्याची तुटलेली तार जाळीला चिकटते, अन्नातून घशात किंवा आतड्यात रुतते. आपण डोशाच्या तव्यावर फिरवतो तसा अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर घासावा.

अन्नात खुपसायचा तापमापक ही आणखी एक कामाची वस्तू. कोंबडीचा तुकडा बाहेरून काळा आणि आतून कच्चा, असे नवख्यांचे नेहमी होते. सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता, तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले म्हणजे ती शिजली. मसाला लावलेले मांस फ्रिजमध्येच मुरू द्यावे. कच्चे मांस ठेवलेल्या ताटात शिजलेले ठेवू नये. जळून कोळसा झालेला भाग काढून टाकावा. आपले भरताचे वांगे या बाबतीत शहाणे, त्याची जळकी साल आपण आधीच काढतो. भाजलेले मांस महिन्यातून एखाद्या वेळी खाणे निराळे आणि रोजचे करणे निराळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला कर्करोगकारक असण्याची शक्यता बरीच असलेल्या गटात टाकले, हे मटणाच्या शौकिनांनी लक्षात ठेवावे.

जेवण झाल्यावर

खरी चूक येथे होते, हे त्या कुटुंबाच्या उदाहरणावरून ध्यानात आले असेल. शेगडी विझवायची म्हणजे वरचा-खालचा झरोका मिटून तिला तिथेच सोडायचे. गरम सिरॅमिकवर पाणी ओतू नये, ते तडकते आणि वाफेने हात भाजतो. निखारे बाहेर काढू नयेत, घरात तर नाहीच नाही. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्याची खात्री करून, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढावी. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा लपलेला असतो आणि लहान मुलांचे पाय बहुधा तिथेच पडतात.

भाजलेच तर अंगठी-बांगडी लगेच काढावी आणि वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली भाग धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद, बटाटा यांपैकी काही लावू नये. मोठा फोड आल्यास, किंवा चेहरा व हात भाजल्यास डॉक्टरांना दाखवावे.

विषबाधेचा संशय आला तर

एकाच छपराखाली झोपलेल्या अनेकांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर आधी शेगडी, गिझर किंवा हीटर आठवावा. दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, स्वतः आत रेंगाळू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मेडिकल, मेयो जे जवळ असेल तेथे न्यावे. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, 'खोलीत निखारे होते'. हे तीन शब्द कळले नाहीत तर डॉक्टरही चुकू शकतो. मीही चुकलोच असतो.

बरे वाटले म्हणून घरीच थांबू नये. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. मुखवट्यातून पूर्ण प्राणवायू दिला तर हेच काम एक-दीड तासात होते. काही रुग्णांत बरे झाल्यानंतर काही आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणे असे त्रास उद्भवतात. म्हणून पुढची तपासणी चुकवू नये. घरात गिझर किंवा शेगडी असेल तर या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे भोंग्याचे यंत्र मिळते, तेही जरूर बसवावे.

शेगडीला माझा विरोध नाही. परवाच एका स्नेह्यांच्या अंगणात नव्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याचे भरत मी दोनदा मागून घेतले. निघताना पाहिले, झरोके मिटलेले होते, शेगडी उघड्यावर होती आणि आत थंडी वाजणाऱ्या मुलांच्या अंगावर आणखी एक गोधडी घातलेली होती. आपल्याही घरी असेच असावे.