आधी तारा, मग फोम

बदलापूरचा एप्रिल-मे ज्याने सोसला आहे, त्याला खरवईतल्या पत्र्याच्या शेडमधली काहिली वेगळी सांगायला नको. घरामागे असे छोटे वर्कशॉप थाटणारा हौशी गृहस्थ पत्र्याखाली फोम फवारून घ्यायचे म्हणतो. विचार चांगला, पण फोम बाहेरची उष्णता अडवतो, तशीच तारेतलीही कोंडून ठेवतो. ब्रिटनच्या वायरिंग नियमांत अर्धा मीटर किंवा अधिक तार अशी पूर्ण वेढली गेली, तर तिची क्षमता साधारण निम्मीच धरतात. म्हणजे 20 अँपिअरची तार 10ची! करवत आणि ग्राइंडरचा भार तिने पेलावा कसा? शिवाय पॉलियुरेथेन फोम पेटला, तर त्याचा धूर विषारी असतो.

म्हणून तारा शक्यतो फोमबाहेरच्या पाइपातून न्याव्यात. आतून नेणे भागच असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून भार मोजून जाड तार घ्यावी. जोड फोममध्ये पुरू नये. एखादा पाइप पुढच्या गरजेसाठी रिकामा ठेवावा, फवारणीपूर्वी भिंतींचे फोटो काढावेत. पत्र्याला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

बँकेत रोकड मोजून मगच तिजोरीला कुलूप लावतात. फोमचेही तसेच आहे. मात्र या तिजोरीला किल्ली नसते.