जुन्या लेथसाठी जुना चक घेताय? आधी हे बघा

जुना लेथ स्वस्तात मिळतो, पण खर्च खरा पुढेच असतो. मशीन दारात येतं आणि त्याचा चक, म्हणजे काम धरून फिरवणारी पकड, कुठे गेली ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नव्या चकची किंमत ऐकली की पावलं आपोआप पुण्याच्या जुन्या बाजाराकडे, मुंबईच्या दारुखान्याकडे किंवा दिल्लीच्या मायापुरीकडे वळतात.

जरूर जा, पण मोजमापं घेऊन जा. लेथच्या स्पिंडलच्या तोंडाचा व्यास किती, इंचाला आटे किती, हे लिहून घ्या. टेलस्टॉकसाठी सेंटर हवा असेल तर त्याच्या मोर्स टेपरचं मोठं तोंड व्हर्नियरने मोजा. साधारण १७.८ मिमी भरलं तर २ नंबर, २३.८ मिमी भरलं तर ३ नंबर.

पिशवीत एक सरळ, गोल सळई ठेवा. थ्री जॉ चकमध्ये ती घट्ट धरा आणि उजेडाकडे करून बघा. आत पकड घट्ट आणि तोंडाशी फट दिसली, तर जॉ झिजलेले आहेत. जॉवरचे १, २, ३ आकडे खाचांवरच्या आकड्यांशी जुळतात का तेही पाहा. भंगारात एकाचे जॉ दुसऱ्याला सर्रास लावलेले असतात. बॉडीला तडा असेल तर फुकटातही नको. फिरता चक फुटला तर तुकडा कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

माझं मत विचाराल तर जुन्यात फोर जॉ घ्या. त्याचा प्रत्येक जॉ वेगळा सरकतो आणि काम दर वेळी डायल गेज लावून मध्यावर आणावंच लागतं, त्यामुळे थोडी झीज चालून जाते. वेळ लागतो, हे मात्र खरं.

आता मुख्य अडचण. चक मिळाला तरी तो तुमच्या स्पिंडलवर थेट बसेलच असं नाही. मध्ये बिडाची बॅक प्लेट लागते. मला वाटायचं, ही प्लेट टर्नरकडून पूर्ण करून आणली की झालं. तसं नसतं. आटे बाहेर पाडून घ्या. नमुना म्हणून लेथसोबत आलेली फेसप्लेट न्या. टर्नर आधी तिच्यात बसणारा आट्यांचा तुकडा बनवेल आणि त्यावर तुमच्या प्लेटचे आटे तपासेल.

पण शेवटचा कट तुमच्याच लेथवर घ्यायचा. प्लेट स्वतःच्या स्पिंडलवर चढवा आणि तिथेच तिचा चेहरा व चक बसायची पायरी टर्न करा. आट्यांत राहिलेला थोडा वाकडेपणा असा निघून जातो आणि प्लेट तुमच्या स्पिंडलवर सरळ फिरते. पायरी अगदी थोडी थोडी कापा, दर वेळी मशीन थांबवून चक लावून पाहा. एकदा ढिली झाली की नवी प्लेट आणावी लागते.

चष्मा घाला, हातमोजे नकोत, आणि चावी चकमध्ये ठेवून बटण दाबू नका. बिडाची काळी भुकटी लेथच्या बेडवर उडते. कापण्याआधी त्यावर जुना कागद अंथरा, पण तो फिरत्या भागांपासून लांब ठेवा.