गुणवत्ता, शिक्षण आणि मिळकत



शाळेच्या स्मृतिव्याख्यानात मिळकतीचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. विद्येचे मोल पैशात करू नये, हा संस्कार आपल्यावर आहे आणि तो चुकीचा नाही. तथापि, एकाच घरातील मुलाच्या विद्येचे मोल पैशात होते आणि मुलीच्या विद्येचे होत नाही, तेव्हा प्रश्न संस्काराचा न राहता न्यायाचा होतो.

माणसाची मिळकत कशावर ठरते? बुद्धी आणि शिक्षण, असे उत्तर आपण सहज देतो. जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या जोडीला आणखी एक घटक ठेवला : अनुभवाची वर्षे. शिक्षण वाढले की मिळकत वाढते. कामावर वर्षे गेली की तीही वाढते. मुळात हुशार असणाराच अधिक शिकतो, मग वाढीव मिळकत बुद्धीची म्हणावी की पदवीची, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो रास्त आहे. परंतु बुद्धी व पदवी समान असतानाही स्त्रीपुरुषांच्या मिळकतीत अंतर पडते. त्याचे मूळ पुष्कळ अंशी अनुभवाच्या वर्षांत सापडते.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गाणे बंद झाले. त्यांच्या पत्नी भानुमतीताई स्वतः गायनाचे शिक्षण घेतलेल्या होत्या. त्यांनी शिक्षिकेची नोकरी करून संसार चालवला आणि पतीची शुश्रूषाही केली. १९५३ साली कुमारजी पुन्हा मैफलीत गायले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. भानुमतीताई १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी निवर्तल्या. १९६२ साली कुमारजींच्या जीवनात आलेल्या वसुंधराताईंनी त्यांना दीर्घकाळ गायनाची साथ केली. कुमारजींना पद्मभूषण मिळाले ते १९७७ साली, त्रेपन्नाव्या वर्षी. वसुंधराताईंना पद्मश्री मिळाली ती २००६ साली, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर. कुमारजींच्या प्रतिभेशी कोणाची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. रियाजाचे तास आणि मोकळी वर्षे कोणाच्या वाट्याला किती आली, एवढेच पाहावयाचे आहे.

हे केवळ कलावंतांच्या घरचे नाही. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील सुमारे दोनशे वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या. एकाच व्यवसायातील स्त्रीपुरुषांच्या मिळकतीतले आजचे अंतर बहुतांशी पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर पडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जो वेळीअवेळी कामावर हजर राहू शकतो, त्याला पगार आणि बढती अधिक. घरी कोणीतरी थांबलेले असते म्हणूनच तो हजर राहू शकतो. आपल्याकडे हेच बदलीच्या रूपाने दिसते. बढतीबरोबर बदली येते. पुरुष ती स्वीकारतो, स्त्री मुलांच्या शाळेसाठी नाकारते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत तिचे नाव खाली राहते, आणि निवृत्तीनंतरचे वेतनही त्याच हिशेबाने कमी होते. एका नकाराची किंमत अशी आयुष्यभर वसूल होते.

शिक्षणाचे दार उघडले, यात शंका नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या. २०११ साली ते प्रमाण पासष्टच्या घरात गेले. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला. २०१७ साली प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. परंतु रजा फक्त आईला आणि तिचा भार मालकावर, अशी व्यवस्था असेल तर तरुण स्त्रीला नेमताना मालक कचरतो. कायदा दार उघडतो. उंबरठ्याच्या आतले काम वाटून देणे त्याच्या हाती नसते.

देवास या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये १९४८ पर्यंत नांदली. दोन्ही पात्यांना आपापली गादी होती, आपापला खजिना होता. आपल्या घरांत मात्र थोरल्या पातीची मिळकत तेवढी वहीत चढते. धाकट्या पातीने दिलेली वर्षे कोणत्याच वहीत नसतात.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती मोठी नाही. मुलीला शिकवण्याबाबत धार-देवासच्या मराठी घरांना आता सांगावे लागत नाही. सुनेला बढतीचे पत्र येईल त्या दिवशी घरात काय बोलले जाते, तेथे खरी परीक्षा आहे. त्या दिवशी ‘मुलांचे कसे होणार?’ हा प्रश्न तिच्याइतकाच मुलालाही विचारावा. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी मुलामुलींना एकाच फळ्यावर एकच गणित शिकवले. त्या गणिताचे उत्तर दोघांसाठी वेगळे येऊ नये, हे पाहणे आता आपले काम आहे.