शेवटचा गडी मोकळा सोडा: मॅडनमधला ऑप्शन प्ले

हिंगण्यावरून बोलतोय. मधेच एमआयडीसीकडे जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, खिडकी बंद केली की उकडतं.

आजचा विषय आहे मॅडन, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम, आणि त्यातला ऑप्शन प्ले. हा खेळ कधी पाहिला नसेल तरी थांबा. शाळेत कबड्डी खेळला असाल, तर अर्धं काम झालंच आहे.

आधी माझी भानगड सांगतो. माझा मोठा भाऊ न्यू जर्सीत असतो. दोन वर्षं झाली, घरी येणं जमलं नाही. दर रविवारी सकाळी आठला, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, आम्ही ऑनलाइन मॅडन खेळतो. फोनवर "काय चाललंय?" "काही नाही" यापुढे आमची गाडी सरकत नाही. गेममध्ये मात्र तास-दीड तास बोलणं होतं. अडचण एकच होती, मी सलग हरत होतो. आणि हरत होतो ते याच ऑप्शन प्लेमुळे.

आता नियम, अगदी थोडक्यात. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक हा चेंडू हातात घेणारा सूत्रधार. त्याच्या बाजूला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा.

साध्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू देतो आणि बघत उभा राहतो. हिशोब करा: एक पळतोय, एक बघतोय, अडवायला उरले नऊ. समोर अकरा. हे गणित कसं सुटणार?

ऑप्शनने हे गणित फिरवलं. समोरच्या रांगेतला टोकाचा गडी, डिफेन्सिव्ह एंड, याला मुद्दाम कोणी अडवायचंच नाही. त्याला मोकळा सोडायचा आणि तो काय करतो ते बघायचं. तो रनिंग बॅकवर धावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून पळतो. तो जागेवर थांबून क्वार्टरबॅककडे बघत राहिला, तर चेंडू रनिंग बॅकला. काहीही केलं तरी तो चुकतोच. हात न लावता एक गडी बाद!

कबड्डीत बोनस घ्यायला जाता तेव्हा काय करता? बोनस लाइनकडे पाय टाकता आणि नजर ठेवता कोपऱ्यावर. तो पाय धरायला झेपावला तर त्याला हात लावून परत. तो मागेच राहिला तर बोनस. घरातून ठरवून कोणी जात नाही. ठरवतो कोपरा, आपण फक्त उत्तर देतो.

गेममध्ये हे करायचं कसं? प्लेस्टेशनवर रीड ऑप्शन निवडला की स्नॅपनंतर एक्स दाबून धरायचा, चेंडू रनिंग बॅककडे जातो. नाही धरला तर चेंडू क्वार्टरबॅककडेच राहतो. नजर चेंडूवर नको, एंडच्या खांद्यांवर ठेवा. खांदे आत वळले म्हणजे तो रनिंग बॅकच्या मागे लागला, तुम्ही चेंडू ठेवा. खांदे तुमच्याकडे सरळ आहेत, तर देऊन टाका. आणि शंका आली तरी देऊन टाका. प्रशिक्षकही हेच शिकवतात, कारण रनिंग बॅक आधीच वेगात असतो. चाचरत थांबलेला क्वार्टरबॅक मात्र मागच्या मागे धरला जातो.

स्पीड ऑप्शन थोडा वेगळा. त्यात क्वार्टरबॅक बाजूने पळतो आणि एंड अंगावर आला की एल-वन दाबून चेंडू शेजारच्या पळणाऱ्याकडे फेकतो. हा मागे फेकलेला चेंडू खाली पडला तरी खेळ सुरूच राहतो, जो उचलेल त्याचा. म्हणून उशीर करू नका.

ही कल्पना गेमवाल्यांची नाही. 1968 साली टेक्सास विद्यापीठात एमरी बेलार्ड यांनी विशबोन नावाची तिहेरी ऑप्शनची रचना आणली. पहिल्या दोन सामन्यांत एक बरोबरी, एक हार. त्यानंतर सलग 30 विजय! आजचा रीड ऑप्शन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ यांच्या सरावात सापडला, तोही एका फसलेल्या हँडऑफमधून. चेंडू देणं जमलं नाही, एंड आत धावला होता, म्हणून क्वार्टरबॅक बाहेरून पळाला. जानेवारी 2013 मध्ये कॉलिन कॅपर्निकने ग्रीन बेविरुद्ध एका सामन्यात 181 यार्ड धाव घेतली, त्यातही रीड ऑप्शनचा मोठा वाटा होता.

मग मी का हरत होतो? मला वाटायचं, दोष नेटचा. इंजिनियर आहे, हिशोबही मांडला. हिंगणा ते न्यू जर्सी साधारण तेरा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन 130 मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचे. केबल सरळ रेषेत नसते, वर राउटर, म्हणजे 200 च्या पुढे. चेंडू द्यायचा की नाही हे ठरवायला मुळात अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणजे मला दिसणारा एंड जुना आहे, वाचून उपयोग नाही. म्हणून मी स्नॅपच्या आधीच ठरवून टाकायचो.

हे दादाला पुराव्यासकट सांगितलं. तो हसला. "तू आधीच ठरवून येऊन राहिला बे. शाळेच्या ग्राउंडवरही हेच करायचास. मी कोपऱ्यात उभा असायचो, मला माहीत नाही का?"

बोचलं, पण खरं होतं. लॅग त्यालाही होता. मग मी खांदे बघणं सोडलं आणि एंडचं पहिलं पाऊल बघायला लागलो. ते खांद्यांच्या आधी पडतं. गेलेले मिलिसेकंद तिथे परत मिळतात. तुमचंही नेट आमच्यासारखं असेल तर हेच करा. पहिलं पाऊल आत, ठेवा. पाऊल जागेवर, द्या. आणि ठेवलाच, तर पुढच्या लाइनबॅकरकडे लक्ष असू द्या. एंडला मुद्दाम आत पाठवून लाइनबॅकरला बाहेर फिरवायचा, हा दादाचा आवडता सापळा आहे.

गेल्या रविवारी शेवटच्या मिनिटाला माझा चौथा प्रयत्न होता, तीन यार्ड हवे होते. दादा स्वतः एंड चालवत होता. तेवढ्यात मागून आई स्पीकरवर ओरडली, "जेवला का रे तू?" त्याचा एंड जागच्या जागी थांबला. पाऊल हललंच नाही. मी एक्स धरला, चेंडू दिला, सात यार्ड.

दादा म्हणतो ही चिटिंग आहे. आई म्हणते, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुम्ही कुणाला वाचायला बसता ते नक्की कळवा.