आमसुलांचा हिशेब

देवगडच्या खाडीत गरीला कोळंबी लावून मी पहिली तांबोशी पकडली, तेव्हा आईने कालवणात एकच आमसूल टाकलं. बाजारच्या माशाला ती चार टाकायची. मला ती काटकसर वाटली. कारण पुढे वाचनात सापडलं. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. त्याला वास नसतो. खाऱ्या पाण्यात ते शरीराचा तोल राखतं. गोड्या पाण्यातल्या माशात ते जवळजवळ नसतंच. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो मुख्यतः याचाच. आंबट त्याला धरून ठेवतं, उडू देत नाही. (चवीलाही आंबट लागतंच, पण त्याला एक पुरतं.)

आता आईला दिसत नाही. मी मासा पुढे धरतो, ती हुंगते आणि आमसुलं सांगते. परवा ‘तीन’ म्हणाली. मासा मी विकत आणला होता.